मेंदी रंगाची साडी आणि भडक फिल्म

"पाटीलभाई, ये तो साडी जैसा ही दिखता है!"

जयंतीभाईंनी छपाईआधीचं प्रूफ गादीवर आपटलं. मी मांडी घालून समोर बसलो होतो. आधी मला वाटलं, कौतुक चाललंय. मी चक्क "थँक्यू शेठ" म्हणालो.

"थँक्यू शानुं? अरे साडी तो मेरे पास है ही! गोडाऊन भर के है! साडी जैसा फोटो निकालने के लिए तुमको बुलाया क्या?"

इतकी वर्षं फोटो काढतोय, पण माझ्या कामावर अशी टीका त्याआधी आणि त्यानंतर कुणी केली नाही. पण गादीवर वाद घालायचा नसतो. गादी म्हणजे सुरतेच्या मार्केटमधलं दुकानच. पांढरीशुभ्र बैठक, चपला बाहेर, गिऱ्हाईक आलं की आधी पाणी, मग चहा, मग साडी. फोटोग्राफरला फक्त पाणी.

गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. कमरेला पेजर लावून फिरणारा माणूस तेव्हा मोठा समजला जायचा आणि माझ्या कमरेला पेजर होता. त्यावर मेसेज फक्त बायकोचे यायचे, ते सोडा. कतारगामला हिऱ्याच्या कारखान्याच्या वर मी नुकताच स्वतःचा स्टुडिओ थाटला होता. त्याआधी लग्नांत फ्लॅश मारत हिंडायचो. जयंतीभाईंचं कॅटलॉग हे माझं पहिलं मोठं काम. ते आवडलं तर वर्षाची सगळी कॅटलॉगं मला, असं ठरलं होतं. नाही आवडलं तर परत नवरानवरी, इकडे बघा, हसा.

आता कॅटलॉग म्हणजे काय ते सांगतो. सुरतेचा व्यापारी साड्या गावोगाव घेऊन हिंडत नाही. सहा-आठ साड्यांचे फोटो काढतो, त्यांची रंगीत पुस्तिका छापतो आणि ती जळगाव, धुळे, अकोला, कुठे कुठे पाठवतो. तिथला दुकानदार पानावर बोट ठेवून ऑर्डर देतो. म्हणजे साडी कुणी बघितलेलीच नसते. सगळा धंदा फोटोवर.

आणि फोटो स्लाइड फिल्मवर. लग्नातली फिल्म वेगळी. तिची निगेटिव्ह होते आणि प्रिंट काढताना लॅबवाला काळ्याचा गोरा करू शकतो. स्लाइडमध्ये तसं नाही. फिल्मवर सरळ रंगीत चित्र उमटतं, उजेडासमोर धरलं की दिसतं, आणि जे उमटलं ते उमटलं. उजेडाचा अंदाज जरा चुकला की रोल कचऱ्यात. छपाईला मात्र स्लाइडच लागायची, कारण तिच्यात रंग खरे आणि बारकावा भरपूर.

"रंग खरे" हे मी मोठ्या तोऱ्यात म्हणायचो. प्रत्यक्षात स्लाइड फिल्मचे दोन स्वभाव होते. एक शांत. आहे ते दाखवणारी, माणसाचा चेहरा माणसाचा ठेवणारी. दुसरी भडक. तिला सगळंच जास्त दिसायचं. आकाश निळं असेल तर ती शाईसारखं निळं करणार आणि हिरवा दिसला की तिच्या अंगातच यायचं. डोंगर-दऱ्यांचे फोटो काढणारे लोक तिच्यावर जीव टाकायचे. साडीला मी शांत घेतली होती, कारण मला अक्कल होती. निदान त्या आठवड्यात तरी होती.

एवढ्यावर थांबलो नव्हतो. प्रत्येक स्लाइडच्या पाकिटाला मी त्या साडीचं कटिंग स्टेपल केलं होतं. कटिंग म्हणजे दोन बोटांएवढा कापडाचा तुकडा. ते सगळं आंगडियाकडून मुंबईला पाठवलं. आंगडिया म्हणजे विश्वासावर हिरे आणि रोकड पोचवणारा माणूस. माझं पाकीट हातात घेऊन त्याने विचारलं, "अंदर क्या है?" मी म्हटलं, "साडीचे फोटो." त्याने इतक्या निराश नजरेने बघितलं की मला ओशाळल्यासारखं झालं.

मुंबईत मेनन नावाचा स्कॅनर ऑपरेटर होता. तेव्हा स्कॅनर म्हणजे टेबलावरचं खोकं नव्हे. काचेचं नळकांडं असायचं. त्यावर तेल लावून स्लाइड चिकटवायची, नळकांडं गरगर फिरायचं आणि आतला डोळा स्लाइड ठिपक्या-ठिपक्याने वाचून कॉम्प्युटरवर चढवायचा. मेनन कटिंग शेजारी ठेवून रंग जुळवायचा. त्या दिवशी त्याने असा जुळवला होता की प्रूफवर कटिंग ठेवलं तर कुठे ठेवलंय ते शोधावं लागायचं.

आणि जयंतीभाई म्हणत होते, साडीसारखी दिसते.

त्यांनी उशीखालून दुसऱ्या एका व्यापाऱ्याचं कॅटलॉग काढलं. "ये देखो. कलर बोलता है! चिल्लाता है! हमारा कलर क्या करता है? मुँह में दही जमाके बैठा है."

मी समजावलं. ही भडक फिल्म आहे, शेठ. यात साडी खरी दिसत नाही.

"एनुं नाम शुं, भडक? बस. मुझे भडक चाहिए."

आता इथे मी पाय रोवून उभं राहायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर परत नवरानवरी दिसायला लागले. मी म्हणालो, "ठीक आहे शेठ. पुन्हा शूट करू. भडकवर."

शेठची दुसरी अट म्हणजे आउटडोअर. त्यांचे साडू बारडोलीला. त्यांच्या उसाच्या मळ्यात शूट ठरलं. सहा रंग, एक मॉडेल, मी, उजेड परतवायला दोन पांढरे थर्माकोल आणि बांधावर बसून बघणारे ऊसतोडीवाले. त्यांनी कोयते खाली ठेवून सकाळपासून जी बसकण मारली, ते जेवणापर्यंत उठलेच नाहीत. मॉडेल चौथ्या साडीपर्यंत वैतागली. "यांना सांगा ना जायला." मी सांगितलं. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "तुमचं चालू द्या साहेब, आमची काय अडचण नाही."

सहापैकी पाच रंग मुळातच भडक होते. राणी, जांभळा, केशरी वगैरे. त्यांना भडक फिल्मने काय भडकवणार? फरक उन्नीस-बीस. सहावा रंग होता मेंदी. वाटलेल्या मेंदीचा असतो तसा हिरवट-तपकिरी, दबलेला, देखणा रंग. त्या साडीत मॉडेलला मी उसात उभी केली. चहूकडून उसाचा हिरवा उजेड कापडावर पडलेला आणि कॅमेऱ्यात हिरवा दिसला की अंगात येणारी फिल्म.

रोल धुऊन आले. लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून ट्यूब लावलेल्या दुधी काचेवर, स्लाइड ठेवली आणि खालच्या कारखान्यातून मागून आणलेलं हिरे बघायचं भिंग डोळ्याला लावलं. मेंदी गायब. नुकत्याच धुतलेल्या कोथिंबिरीच्या जुडीसारखी हिरवीगार साडी! मॉडेलचा चेहराही टोमॅटो झाला होता, पण ते मेनन बघून घेणार होता.

तीन दिवसांनी मेननचा एसटीडी आला. त्याची हिंदी केरळातून निघून मुंबईत पोचलेली.

"पाटील, ये ग्रीन का लफडा है. स्लाइड एक बोलता, कटिंग दूसरा बोलता. मैं किसका सुनूँ?"

मी शेठना विचारलं. शेठ म्हणाले, "स्लाइड का."

मी मेननला म्हणालो, "स्लाइडप्रमाणे कर."

हे दोन शब्द माझे. नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी ते बरेच दिवस विसरायचा प्रयत्न केला.

कॅटलॉग छापून आलं. शेठ खूश. त्या दिवशी गादीवर मला चहा मिळाला. आठवडाभरात ऑर्डरी सुरू झाल्या आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त मागणी मेंदीला. तीही सगळी आपल्या मराठी मुलखातून. कारण उघड होतं. आपल्याकडे लग्नात हिरवा चुडा, डोहाळजेवणाला हिरवी साडी, ओटी भरायची तरी हिरवंच पाहिजे. पानावरची कोथिंबीर बघून जळगाव-धुळ्याचे दुकानदार तुटून पडले होते. शेठ मला म्हणाले, "देखा? भडक!" मीही हसलो. हसायला काय जातं!

पार्सलं गेली आणि पंधरा दिवसांत परत यायला लागली.

मला पेजरवर बोलावणं आलं. गादीवर पोचलो तर पार्सलांची थप्पी छातीएवढी. शेठच्या हातात चाळीसगावच्या दुकानदाराचं पत्र. मराठीत होतं म्हणून त्यांनी ते मला वाचायला लावलं. मी मोठ्याने वाचलं, "फोटोत हिरवी साडी दाखवून आपण पार्सलात शेण पाठवले आहे."

वाचून वर बघितलं. दाराशी, चपलांच्या जवळ, भिका आप्पा उभे होते.

आप्पा इच्छापोरच्या ज्या मिलमध्ये शेठचं कापड रंगायचं तिथले डाइंग मास्टर. रंगाचं माप ठरवणारा, कापडाचा लॉट, म्हणजे एका खेपेचा माल, कढईत जाण्याआधी शेवटचा शब्द ज्याचा, तो माणूस. आमच्या अमळनेरकडचे. गावाकडून आलेल्या निम्म्या पोरांना सुरतेत चिकटवलं ते आप्पांनी. माझ्या वडिलांना लूमवर त्यांनीच लावलं आणि मी ज्या स्टुडिओत शिकलो तिथे मला हाताला धरून तेच घेऊन गेले. त्यांच्या नखांत कायम कुठला ना कुठला रंग असायचा. त्या दिवशी केशरी होता.

"मास्टर ने लॉट बिगाडा," शेठ म्हणाले. "फोटो में देखो कैसा है, और कपडा देखो! मैंने मिलवाले को बोल दिया है. ये आदमी रहेगा तो मेरा माल तुम्हारे यहाँ नहीं आएगा."

आप्पा हिंदीत एवढंच म्हणाले, "शेठ, कटिंग पास करके दिया था. उसके जैसा ही रंगा."

"तो फोटो झूठ बोलता है क्या?"

शेठने माझ्याकडे बघितलं. आप्पांनीही बघितलं. मी काय बोललो असेन? काही नाही. पत्राची घडी घातली, परत उघडली, परत घातली. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. आप्पांनी थप्पीतल्या वरच्या साडीवरून हात फिरवला, चपला पायात सरकवल्या आणि गेले.

घरी येऊन मंगलला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, तुमचा काय दोष, शेठनेच भडक मागितली. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "अहो, आप्पांनी तुम्हाला स्टुडिओत नेलं तेव्हा तुम्हाला काय येत होतं?"

"काही नाही."

"तरी त्यांनी सांगितलंच ना, पोरगा चांगला आहे म्हणून?"

"हो."

"मग खरं बोलायला तुम्हाला काय धाड भरली होती?" आणि परत लाटायला लागली. त्या दिवशीच्या पोळ्या फार पातळ झाल्या होत्या.

सकाळी उठून मी लाइट बॉक्स, भिंग, पहिल्या शूटची शांत स्लाइड आणि दुसऱ्या शूटची भडक स्लाइड असं सगळं स्कूटरवर बांधलं आणि शेठच्या घरी गेलो. म्हटलं, "शेठ, मिलमध्ये चला. लॉट का बिघडला ते दाखवतो." बिघडला म्हटल्यावर शेठ लगेच निघाले.

मिलमध्ये रंगाच्या वाफेने डोळे चुरचुरत होते. आप्पा सामानाची पिशवी भरत होते. डबा, पंचा आणि एक वही. त्या वहीत त्यांनी इतक्या वर्षांत लावलेला प्रत्येक रंग होता, शेजारी कटिंग चिकटवून. मला बघून ते म्हणाले, "बठ." म्हणजे बैस. आप्पा माझ्याशी अहिराणीतच बोलत.

मी बॉक्स लावला. दोन्ही स्लाइडी शेजारी शेजारी ठेवल्या, मध्ये साडीचा तुकडा. भिंग शेठच्या हातात दिलं.

"शेठ, ही पहिली. तुम्ही नापास केलेली. आता तुकडा बघा. एकच रंग आहे की नाही? आता ही दुसरी. साडी तीच. फक्त फिल्म बदलली. मास्टरने काही बिघडवलेलं नाही. रंग माझ्या फिल्मने बदलला. मुंबईचा ऑपरेटर विचारत होता, कटिंगप्रमाणे करू की स्लाइडप्रमाणे. स्लाइडप्रमाणे कर, असं मीच सांगितलं. आणि काल मी गप्प बसलो. चूक माझी आहे."

बोलून टाकलं. वर्षाची कॅटलॉगं गेली, असं मी मनातल्या मनात सोडूनही दिलं होतं.

आप्पांनी भिंग घेतलं. शांत स्लाइड बराच वेळ बघितली. मग मला विचारलं, "तुले माहीत व्हतं?"

"होतं आप्पा."

"मंग काल का बरं नही बोलना?"

"घाबरलो."

आप्पांनी पिशवीतला पंचा काढला आणि परत खांद्यावर टाकला. तेवढ्यावरून मला कळलं की ते आता जाणार नाहीत.

शेठ मात्र भलत्याच विचारात होते. त्यांना चूक कुणाची यात अजिबात रस नव्हता. ते बोटांवर हिशेब करत म्हणाले, "पाटीलभाई, जो कॅटलॉग बाहर गया, वो वापस आ सकता है?"

"नाही शेठ. गावोगाव गेलंय."

"उसमें जो हरा है, वो लोगों को पसंद है?"

"तुटून पडलेत."

"तो फोटो में कोई भूल नहीं है," शेठ म्हणाले. "भूल साडी में है. साडी बदलो."

मी फोटोग्राफर माणूस. कापडासारखा फोटो काढायचा, एवढंच मला शिकवलेलं. फोटोसारखं कापड काढायचं, हे माझ्या डोक्यात मेलो तरी आलं नसतं. पण हे सुरत होतं. इथे गिऱ्हाईकाला जे दिसलं तेच खरं, आणि ते खरं करायला हजार कढया उकळत असतात.

आप्पांनी आधी भडक स्लाइडच बॉक्सवर धरून रंग जुळवायला घेतला. दोन मिनिटं बघून वैतागले. "हाऊ तं उजेड शे. कपडा कोठे शे?"

बरोबर होतं त्यांचं. स्लाइडमधून उजेड आरपार येतो. कापडातून येत नाही. मग छापलेलं पानच फाडून घेतलं. दुकानदाराकडेही तेच पान असणार. सॅम्पलच्या लहान मशीनवर पहिला तुकडा निघाला तो पोपटासारखा. दुसरा शाळेच्या फळ्यासारखा. तिसऱ्या खेपेला आप्पांनी वाटीतून चमचाभर पिवळा टाकला, थोडा थांबले, अर्धा चमचा आणखी टाकला. तुकडा सुकवून पानावर ठेवला. शेठने भिंग लावून बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आप्पांना "मास्टरजी" म्हणाले.

आप्पांना त्याचं काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. वहीत तुकडा चिकटवताना ते पुटपुटले, "मेंदी काय वाईट व्हती?"

नवी पार्सलं गेली. एकही परत आलं नाही. चाळीसगाववाल्याचं पत्र आलं, अजून पाठवा. इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण जयंतीभाईंना शांत बसवत नाही.

"पाटीलभाई, लग्नसराई आ रही है. नई हरी साडी का नया फोटो निकालो. कव्हर पे लेंगे. और सुनो, फिल्म वही. भडक!"

मी भडक फिल्म भरली. तुम्हाला कळलं असेल पुढे काय होणार. मला मात्र स्लाइड हातात येईपर्यंत कळलं नाही. मेंदीला जिने कोथिंबीर केलं होतं, तिच्यापुढे आता साक्षात कोथिंबीर उभी केली. निघाला तो रंग मी आयुष्यात कुठल्याच वस्तूवर बघितलेला नव्हता. सिग्नलचा हिरवा दिवा साडी नेसून उभा होता.

स्लाइड घेऊन मी मुकाट्याने मिलमध्ये गेलो. आप्पांनी भिंग लावलं, काढलं, डोळे पुसले, परत लावलं.

"दिलीप," ते मला म्हणाले, "इतला हिरवा रंग मन्हाजोडे नही. दुकानमां नही. जगमां नही."

"कव्हरवर गेला तर शेठ म्हणतील, साडी बदला."

"मंग तेन्हा फोटो काढशी तू. भडक वर."

"मग तो आणखी हिरवा येईल."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी आप्पा हसले. इतके हसले की ठसका लागून खाली बसले. मलाही हसू आवरेना. मिलमधले लोक काम सोडून बघायला लागले, दोन जाणती माणसं एका एवढ्याशा फिल्मच्या तुकड्याला काय हसतायत म्हणून.

डोळे पुसून आप्पा म्हणाले, "ती शांतवाली शे ना रे तुन्हाजोडे?"

होती. त्याच दुपारी स्टुडिओचं दार लावून मी कोथिंबिरी साडी शांत फिल्मवर काढली. कटिंग स्टेपल केलं. मेननला स्वच्छ सांगितलं, "कटिंगप्रमाणे." तो म्हणाला, "पक्का? फिर फोन करके बोलेगा नहीं?" मी म्हटलं, पक्का.

प्रूफ घेऊन गादीवर गेलो. नवा लॉट दाखवायला आप्पाही आले होते. या वेळी ते दाराशी नव्हते, आत बसले होते. शेठने प्रूफ उजेडात धरलं. शेजारी साडी उलगडली. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मला वाटलं, आता म्हणतात की काय, साडी जैसा ही दिखता है!

शेठने प्रूफ मांडीवर ठेवलं आणि आजूबाजूच्या चार व्यापाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आ जुओ! बिलकुल साडी जैसा! अरे, मैं पहले दिन से बोलता था, फिल्म लेना तो भडक लेना. पाटीलभाई मानते ही नहीं थे."

आप्पांना पुन्हा ठसका लागला. त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. मी म्हणालो, "बरोबर आहे शेठ. चूक माझी होती."

वर्षाची सगळी कॅटलॉगं मला मिळाली. शेठने मार्केटभर सांगितलं, पाटीलकडे जा, तो भडकवाला आहे. त्यामुळे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक भडकच मागायचं. मी प्रत्येकाला हो म्हणायचो आणि शांत भरायचो. नाव दिसू नये म्हणून फिल्मच्या डब्यावर काळी टेप चिकटवायची सवय मला तेव्हा लागली, ती फिल्म बाजारातून जाईपर्यंत टिकली. एकानेही तक्रार केली नाही. दोघांनी तर भडक फिल्मची तारीफ करणारी पत्रं लिहिली.

आप्पा निवृत्त झाले तेव्हा मी विचारलं, काय देऊ? ते म्हणाले, "ती पहिली स्लाइड." मेंदीची. नापास झालेली, कुठेच न छापलेली. त्या रंगाचा पुढे एकही लॉट निघाला नाही. मी ती काचेच्या फ्रेममध्ये बसवून दिली. त्यांनी ती खोलीच्या खिडकीला लावली, उजेडासमोर, आणि तिच्याखाली खिळ्याला मेंदीच्या साडीचा तुकडा बांधला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, "मन्हा रंग शे हाऊ."

मी बजावलं होतं, आप्पा, स्लाइड उन्हात ठेवायची नसते. कपाटात ठेवा. पण कपाटात ठेवलेला रंग कुणाला दिसणार, असं त्यांचं म्हणणं.

पाचेक वर्षांनी दिवाळीला मंगलबरोबर त्यांच्याकडे गेलो. आप्पा आता काठी घेऊन चालत होते. माझा हात धरून त्यांनी मला थेट खिडकीशी नेलं. स्लाइड उन्हाने पार फिकटली होती. साडी पाण्यासारखी, मॉडेलचा चेहरा जवळजवळ नाहीसा. खाली खिळ्याला बांधलेला तुकडा त्याच उन्हात पाच वर्षं लोंबत होता. त्याची मेंदी जशीच्या तशी होती.

आप्पांनी काठीच्या टोकाने आधी तुकडा दाखवला, मग स्लाइड. चेहरा अगदी गंभीर.

"पाटील," ते म्हणाले, "तुन्हा रंग कच्चा निंघना."

मी मान खाली घातली. लॉट माझाच बिघडला होता आणि या वेळी कबूल करायला मला दुसरा दिवस लागला नाही.